ताईचं ‘नको’ आणि मधला माणूस

ऑफिसात त्यांना सगळे थांबाराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. कुणी घाईघाईनं येऊन "झालं का?" विचारलं की ते मान वर न करता म्हणायचे, "थांबा, होतंय." आधी हे चिडवण्यापुरतं होतं. मग एकदा त्यांच्या बायकोनंच फोन करून "थांबाराव आहेत का हो जागेवर?" असं विचारलं, आणि विषय कायमचा मिटला.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे ऑफिस होतं. माणसं मोजकीच. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा जाते अशांसाठी त्यांनी एक बोलका फलक तयार केला होता. स्क्रीनवर चित्रांची बटणं असायची. पाण्याचं दाबलं की आवाज यायचा, "मला पाणी हवं." गावातल्या मोठ्या इस्पितळात तो फलक रोज वापरात होता.

ह्या फलकाच्या मागे जावास्क्रिप्ट ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या बारीकसारीक कितीतरी फाइली होत्या. ब्राउझरला त्या एकेक करून आणायला लावण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एक गठ्ठा बांधायचा आणि तो एकदम पाठवायचा, अशी पद्धत. त्याला सगळे बंडल म्हणत. अडचण एवढीच की एका बटणाचा नुसता रंग बदलायचा म्हटलं तरी सगळा गठ्ठा पहिल्यापासून बांधावा लागे. मग तो सर्व्हरच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकायचा, सर्व्हर बंद करून चालू करायचा आणि मग पान ताजं करून बघायचं. तोवर चहा पिऊन व्हायचा. थांबारावांची त्याबद्दल काडीची तक्रार नव्हती. त्या रिकाम्या वेळात ते खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत बसत आणि पुढचा विचार करत. घाई हा प्रकार त्यांच्या कुंडलीतच नव्हता.

त्यांच्या थोरल्या बहिणीचं अगदी उलट. घराच्या तळमजल्यावर ताईचं शिवणाचं दुकान होतं. पडदे, कोट, मुलींचे फ्रॉक, उसवलेलं, आटलेलं, ढगळ झालेलं, सगळं तिच्याकडे यायचं. हात मशीनवर आणि तोंडाचा पट्टा गिऱ्हाइकावर. "पोट आत घेऊन माप देऊ नकोस, घरी गेल्यावर सोडणारच आहेस," असं ती भल्याभल्यांना तोंडावर सुनवायची आणि माणसं हसत हसत पुन्हा यायची. लग्न तिनं केलं नाही. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं आणि त्याच्या लग्नात त्याचा कोटही तिनंच शिवला.

एके दिवशी सकाळी ती दुकानातच कोसळली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय जरासा ओढू लागला, आणि बोलणं गेलं. राहिला एकच शब्द: "बरं." भूक लागली तरी "बरं", पाठ दुखली तरी "बरं", संतापली तरी "बरं". डोळ्यांत पाणी आणून ती "बरं, बरं, बरं" म्हणायची तेव्हा थांबाराव हाताला येईल ती वस्तू तिच्यापुढे धरून बघायचे.

दैवाचा खेळ असा, की इस्पितळात तिच्यापुढे जो फलक ठेवला गेला तो त्यांनीच बनवलेला होता.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई अनुभवी होत्या. काही आठवड्यांनी त्यांनी थांबारावांना बाजूला घेतलं. "थोडी बटणं त्या बरोबर दाबतात. ‘हो’, ‘पाणी’, ‘चहा’. पण ‘नको’, ‘दुखतंय’, ‘बाहेर’ हे शब्द त्यांना कळत नाहीयेत असं दिसतंय. अशा आजारात कधीकधी शब्दाचा अर्थच निसटतो. घरी सराव चालू ठेवा, बघू."

अर्थच निसटतो, हे वाक्य थांबारावांच्या डोक्यात घर करून बसलं. ज्या बाईनं त्यांना शब्द शिकवले तिला ‘नको’चा अर्थ कळू नये?

त्यातच दुकानाचा प्रश्न आला. कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्त करणारा जागा भाड्यानं मागत होता. थांबाराव आणि त्यांची बायको दोघं ताईजवळ बसले.

"वन्सं," बायको हळूच म्हणाली, "दुकान त्याला द्यायचं का? तुम्ही आता मशीनवर कशाला बसताय? आराम करा."

ताई म्हणाली, "बरं." मग डाव्या हातानं फलकावरचं ‘हो’ दाबलं. पुन्हा दाबलं. मग स्क्रीनवर थापच मारली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दमल्या बिचाऱ्या," बायको म्हणाली. "पण हो म्हणाल्या, नाही का?"

"हो तर म्हणाली," थांबाराव म्हणाले. पण ती थाप काही त्यांच्या मनातून जाईना.

ते रोज दुपारी लवकर घरी येऊन तिच्यासोबत फलकावर बसू लागले. बटणं लहान वाटतात का? करू मोठी. बदल करायचा, गठ्ठा बांधायला लावायचा आणि थांबायचं. ताई त्या वेळात आधी त्यांच्याकडे बघायची, मग पंख्याकडे, मग तिचे डोळे मिटायला लागायचे. नवीन पान समोर येईपर्यंत ती झोपलेली तरी असायची नाहीतर वैतागलेली. एका बैठकीत एक बदल, फार तर दोन. ज्या थांबण्यात त्यांचं अर्धं आयुष्य सुखानं गेलं होतं, ते थांबणं आता त्यांच्या जिवावर आलं.

हे त्यांनी उपचाराच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लक्ष लागतं ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. ती वाट बघण्यात गेली की उरलं काय?"

दुसऱ्या दिवशी थांबारावांनी वकीलीणबाईंची खुर्ची गाठली. ह्या काही वकील नव्हत्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या, त्यांच्याच वयाच्या प्रोग्रामर होत्या; पण कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य करत नसत, म्हणून हे नाव.

"मला बदल केल्या केल्या दिसायला हवा," थांबाराव म्हणाले.

वकीलीणबाईंनी चष्मा खाली केला. "कोण बोलतंय हे? गेली दोन वर्षं मी हेच कानीकपाळी ओरडतेय, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? चहा कधी प्यायचा मग!"

"चुकलं. आता सांगा."

माणूस इतक्या पटकन शरण आल्यामुळे त्यांची जरा निराशाच झाली, पण त्या कामाला लागल्या. "आपला सर्व्हर म्हणजे ओळीनं बसलेली माणसं समजा. ब्राउझरनं काही मागितलं की मागणी पहिल्याकडे जाते. त्याच्याकडे असेल तर तो देतो, नसेल तर पुढच्याकडे सरकवतो. ह्या ओळीत एक नवा माणूस बसवायचा. तुम्ही कोड सेव्ह केला की त्यानं जेवढं बदललं तेवढंच पुन्हा बांधायचं, आणि गठ्ठा डिस्कवर न लिहिता मेमरीतच तयार ठेवायचा. मागितला की हातोहात दिला. त्यालाच मिडलवेअर म्हणतात."

"मग कोड लिहिताना वापरायला तयार मिळतो तो डेव्हलपमेंट सर्व्हरच का नको?"

"कारण आपले आवाज, रुग्णांची खाती, सगळं आपल्या सर्व्हरवर आहे. त्या परक्याला त्यातलं काय ठाऊक? आपल्याच घरात मधला माणूस बसवू. आणि एक अट. तो फक्त आपल्या कामाच्या यंत्रावर. इस्पितळाच्या सर्व्हरवर तो चुकूनही चालू होता कामा नये. तिथे नेहमीसारखा पक्का बांधलेला गठ्ठाच जाईल."

"मान्य."

"लेखी द्या."

थांबारावांनी कोडमध्येच तशी अट घातली, ‘डेव्हलपमेंट असेल तरच’, आणि ती ओळ त्यांना दाखवली. वकीलीणबाईंनी ती वाचून मान डोलावली.

बसवायला फार वेळ लागला नाही. त्या माणसाचं सॉफ्टवेअरचं तयार पाकीट इंटरनेटवरून उतरवून घेतलं, गठ्ठा बांधण्याच्या सूचना त्याला दिल्या, सर्व्हरच्या यादीत शेवटी त्याची ओळ लिहिली. सर्व्हर चालू केला तर स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत झोकात अक्षरं उमटली: बांधणी यशस्वी. थांबारावांनी ‘पाणी’चं बटण हिरव्याचं जांभळं केलं. काळी खिडकी लगेच म्हणाली, बांधणी यशस्वी. पान ताजं केलं. बटण हिरवंच.

पुन्हा केलं. हिरवं. ब्राउझरनं साठवलेलं सगळं पुसलं. हिरवं. दुसरा ब्राउझर उघडला, यंत्र बंद करून चालू केलं, सूचना पुन्हा वाचल्या, एक ओळ काढली, घातली. काळी खिडकी दर वेळी यशाची वर्दी देत होती आणि बटण दर वेळी हिरवंगार. दुपारपर्यंत त्यांच्या डोक्याची पार मंडई झाली. कधी आवाज न चढवणाऱ्या ह्या माणसानं टेबलावर मूठ आपटली, तेव्हा पलीकडच्या खोलीतले साहेबही दारात येऊन उभे राहिले.

"थांबाराव, बरं आहे ना?"

"बरं म्हणू नका!" ते एकदम ओरडले, आणि लगेच ओशाळले.

वकीलीणबाईंनी साहेबांना डोळ्यानंच परत पाठवलं आणि स्वतःची खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "कोड मुद्दाम मोडा."

"म्हणजे?"

"काहीतरी अशुद्ध लिहा. गठ्ठा बांधलाच जाऊ नये असं. मग बघू पान काय करतं."

त्यांनी एक कंस खाऊन टाकला. काळी खिडकी लाल झाली, बांधणी फसली. पान ताजं केलं, तर फलक आपला मजेत चालू. ‘पाणी’ दाबलं, आवाज आला, "मला पाणी हवं."

दोघं स्क्रीनवर वाकले.

"गठ्ठा तर मोडलाय," वकीलीणबाई सावकाश म्हणाल्या. "मग हा जो चालतोय तो देतंय कोण?"

थांबारावांनी कपाळाला हात लावला. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये आधीचा, पक्का बांधलेला गठ्ठा तसाच पडून होता. आणि ओळीत नव्या माणसाच्या पुढे बसला होता फोल्डरमधल्या फाइली देणारा जुना माणूस. मागणी आली की तो तत्परतेनं जुनाच गठ्ठा काढून द्यायचा. नवा बिचारा ताजा गठ्ठा हातात धरून मागे बसलेला, त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

त्यांनी जुनी फाइल उडवली आणि नव्या माणसाला ओळीत पुढे आणून बसवलं. खाल्लेला कंस परत केला. पान ताजं केलं. आता पान कोरं, आणि कोपऱ्यात लाल अक्षरात तक्रार: फाइल सापडली नाही.

"अरे वा!" वकीलीणबाईंनी टाळी वाजवली.

"वा काय? होतं ते पण गेलं."

"निदान आता खोटं तरी कुणी बोलत नाहीये. पान कुठल्या पत्त्यावर मागतंय ते बघा, आणि आपला माणूस कुठल्या पत्त्यावर देतोय ते बघा."

पान गठ्ठा मागत होतं ‘जेएस’ नावाच्या फोल्डरातून. नवा माणूस तो ठेवून बसला होता थेट मुळाशी, कुठल्याच फोल्डरात न घालता. एकाच घराच्या पुढच्या दारावर एक उभा, मागच्या दारावर दुसरा. सूचनांमध्ये पत्त्याची एक ओळ होती, ती थांबारावांनी दुरुस्त केली.

बटण जांभळं झालं.

मग लाल केलं. लाल झालं. पिवळं केलं. सेव्हचं बटण सोडेपर्यंत पिवळं. वकीलीणबाईंनी आणखी एक छोटी जोड दिली, तेव्हा पान आपलं आपण ताजं होऊ लागलं. थांबारावांचा जीव भांड्यात पडला. बराच वेळ ते लहान मुलासारखे रंग बदलत बसले, आणि वकीलीणबाईंनी एकदाही वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळा सरंजाम लॅपटॉपवर घरी आणला. ताई खिडकीजवळ खुर्चीत होती. टेबलावर फलकाचा स्पर्शाचा स्क्रीन ठेवला, शेजारी स्वतःचा कीबोर्ड घेतला.

"ताई, बटणं मोठी करू?"

"बरं."

बटणं फुगली. ताई दचकली. तिनं भावाकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि आजारानंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं.

"आता ‘नको’ दाखव."

ती शोधू लागली. ‘हो’, ‘पाणी’, ‘चहा’, असं बोट फिरलं आणि थांबलं. ‘नको’ अगदी उजव्या कडेला होतं. ती दाबायची ती सगळी बटणं डावीकडची होती, आणि चालायचा तोही डावाच हात. थांबारावांना वाटलं, हात पोचत नसेल. त्यांनी ‘नको’ एक घर डावीकडे सरकवलं. नाही. आणखी एक घर. तरी नाही. आणखी एक. बटण स्क्रीनच्या मध्याच्या डावीकडे आलं आणि ताईचे डोळे एकदम मोठे झाले.

"बरं!" ती ओरडली आणि ‘नको’वर बोट दाबलं. आवाज आला, "नको."

थांबाराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी बटण पुन्हा उजवीकडे नेलं. ताईचं बोट हवेतच थांबलं, कपाळाला आठी पडली. डावीकडे आणलं. दाबलं. त्याच्या जागी ‘दुखतंय’ आणून ठेवलं. तेही बरोबर दाबलं, वर आपल्या खांद्याला हात लावून दाखवला. ‘बाहेर’ आणलं. दाबलं आणि खिडकीकडे मान केली. एकेका शब्दाला आता डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ लागत होता. जुन्या पद्धतीनं हे करायला निघाले असते तर दुसऱ्याच बटणाला ती झोपून गेली असती.

शेवटी त्यांनी बटणांना हातच लावला नाही. अख्खा स्क्रीन उचलून तिच्या डाव्या हाताला ठेवला. ताईनं सगळीच्या सगळी बटणं धडाधड दाबून दाखवली.

"अगं, तुला उजवीकडचं दिसतच नाहीये!" थांबाराव उभेच राहिले आणि त्यांनी आत बायकोला हाक मारली. "ऐकलंस का? इकडे ये लवकर! हिला सगळं कळतंय. सगळं! फक्त उजवी बाजू दिसत नाही."

बायको ओल्या हातांनीच धावत आली. ऐकता ऐकता तिनं तोंडाला पदर लावला. "म्हणून ताटातलं उजवीकडचं तसंच राहतं. आणि मी म्हणत होते, वन्सं आता नखरे करायला लागल्या. दाराच्या चौकटीलाही उजवाच खांदा आपटतो बघा."

मग दोघांनाही एकदमच ते ‘हो’ आणि ती थाप आठवली: त्या दिवशी तिला ‘नको’ सापडलंच नव्हतं. बायकोनं खाली बसून ताईचा हात धरला.

"वन्सं, खरं सांगा. दुकान द्यायचं का त्या मोबाइलवाल्याला?"

ताईनं बोट उचललं. "नको," फलक म्हणाला. "नको. नको. नको. नको." थांबायला तयारच नाही. मग तिनं ‘दुखतंय’ दाबलं, दोघांकडे एकेकदा पाहिलं, आणि पुन्हा "नको."

"नाही देत, बाई, नाही देत," थांबाराव म्हणाले. त्यांनी तिथूनच मोबाइलवाल्याला फोन लावला. तोही भला माणूस. "मी तर म्हणतच होतो, ताई गप्प बसून दुकान सोडतील हे काही पटत नाही," म्हणाला.

इस्पितळात डोळ्यांची तपासणी झाली. मेंदूच्या एका भागाला मार बसला होता, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसणं बंद झालं होतं. त्या माणसाला स्वतःला ते उमगत नाही, आणि ज्याला बोलता येत नाही तो सांगणार कसा? उपचाराच्या बाई म्हणाल्या, "मला आधी सुचायला हवं होतं. पण ह्यावर इलाज आहे हो. मान वळवून बघायला शिकवता येतं. आणि शब्द शाबूत आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. आता बोलण्यावर नीट काम करता येईल."

फलकात मग एक नवी सोय आली: सगळी बटणं डावीकडे किंवा उजवीकडे गोळा करायची. ती बनवताना बाई थांबारावांच्या शेजारी बसत, समोर रुग्ण असे, आणि बाई म्हणतील तसं पान तिथल्या तिथे बदले. पक्कं ठरलं की नेहमीचा गठ्ठा बांधून इस्पितळाच्या सर्व्हरवर जाई. तो बांधताना मधल्या माणसाची अट वकीलीणबाई दर वेळी स्वतः तपासत. आणखी दोन-तीन रुग्ण असे निघाले, ज्यांना कळत नाही असं धरून चाललं होतं आणि ज्यांना नुसतं दिसत नव्हतं.

दुकान पुन्हा उघडलं. मशीनवर ताईच्या हाताखाली तयार झालेली एक बाई बसू लागली, आणि ताई खुर्ची टाकून शेजारी. फलकावर तिच्यासाठी खास शब्द चढले: ‘उसव’, ‘सैल कर’, ‘पुन्हा माप घे’, ‘आजकाल कापडच वाईट येतं’. हे शेवटचं वाक्य तिनं खुणा करकरून, भावाला बरेच अंदाज करायला लावून मिळवलं आणि त्याचा आवाज भावजयीकडून भरून घेतला. थोड्या महिन्यांनी एकेक शब्द तिच्या तोंडूनही येऊ लागला. अडखळत, कधी भलताच, पण येऊ लागला.

एका संध्याकाळी थांबाराव ऑफिसातून आले तेव्हा दुकानात एक गृहस्थ कोटाचं माप देत उभे होते. छाती पुढे, पोट आत, श्वास रोखलेला. ताईनं मान वळवून त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. फलकाकडे हात नेला नाही. ओठ जुळवले, जरा झगडली, आणि म्हणाली, "पोट… सोड."

गृहस्थांनी सोडलं. शिवणाऱ्या बाईला हसून हसून टेप सावरेना. थांबाराव जिना न चढता तिथेच पायरीवर बसले, आणि दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले.